वरच्या गावाचा अणुकरार

माझा पाय एका जागी ठरत नाही, ही घरच्यांची जुनी तक्रार. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण गुरुजी खुर्चीवर बसून शिकवत होते असं एकही विद्यार्थी सांगणार नाही. निवृत्त झालो तेव्हा बायकोला वाटलं, आता तरी हा माणूस घटकाभर टेकेल. नेमकी त्याच सुमारास इराणच्या अणुकार्यक्रमावरची बोलणी रंगात आली आणि माझं टेकणं राहूनच गेलं.

सकाळी उठल्याबरोबर रेडिओ, मग मोबाइल, मग तुमसरहून येणाऱ्या एसटीतला पेपर. तिकडे परदेशातल्या एका हॉटेलात सहा बड्या देशांचे मंत्री एका बाजूला आणि इराणचे मंत्री दुसऱ्या बाजूला बसलेले. मुदत संपायची, वाढायची, परत संपायची. मी अंगणात येरझारा घालायचो. चहा निवून जायचा. बायको दारात उभी राहून म्हणायची, "घरचं झालं थोडं अन् इराणनं धाडलं घोडं."

खरं सांगायचं तर मला इराणची एवढी काळजी नव्हती. माझ्या डोक्यात माझी धाकटी बहीण होती.

आंबागडच्या डोंगराच्या अंगाला आमची दोन गावं आहेत, एक वर आणि एक खाली. मी खालच्या गावचा. बहीण दिली ती वरच्या गावात, चालत पाऊण तासाच्या वाटेवर. वरच्या गावाला लागून मालगुजाराच्या काळातला तलाव आहे. पाणी सोडायचं त्याचं दार, ज्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, तेही तिकडेच. तुडुमातून निघालेली नहर आधी वरच्या गावाच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भिजवते आणि उरलेलं पाणी आमच्याकडे येतं. पावसाळी धानाला यात कधी अडचण आली नव्हती. भांडण सुरू झालं ते वरच्या लोकांनी उन्हाळी धान लावायला सुरुवात केल्यावर.

उन्हाळी धान म्हणजे पाण्याचा राक्षस. मे महिन्यात तलावाचा तळ दिसायला लागला. आमच्या विहिरी खाली गेल्या. एका वर्षी मृग कोरडा गेला आणि तलावातही थेंब नव्हता, तेव्हा आमचे पऱ्हे बांधीतच करपले. सगळ्या गावाने ती पिवळी पडलेली रोपं पाहिली. मग आमच्या लोकांनी जे हातात होतं ते केलं. वरच्या गावाची तुमसरच्या बाजाराला जायची पांदण आमच्या शिवारातून जाते, ती दोन्हीकडून चर खणून बंद केली. भात कांडायची मिल आमच्या गावात आहे, तिथे वरच्या गावाचं एक पोतं घ्यायचं नाही असं ठरलं. माणसाला अडवायचं नाही, ट्रॉलीला अडवायचं. त्यांना जंगलाच्या कडेने भला मोठा वळसा पडू लागला आणि तरी ते हट्टाने उन्हाळी धान लावतच राहिले, उलट जास्त बांध्यांत लावू लागले.

माझ्या बहिणीचं घर या कात्रीत सापडलं होतं. तिचा नवरा, आमच्या घरचा जावई, स्वभावाने शांत, पण कष्टाला वाघ. त्याच्या सगळ्या बांध्या नहरेच्या टोकाला. एकदा जंगलाच्या वळशात त्याची ट्रॉली कलंडली, पाय मोडला, तीन महिने खाटेवर होता. बहीण मला काही बोलली नाही. ती न बोलल्याने मला जास्त त्रास झाला. भाऊ ज्या गावात राहतो त्याच गावाने खणलेल्या चरापायी नवऱ्याचा पाय मोडला, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

तिकडे इराणचा करार झाला तेव्हा मी पानठेल्यावर होतो. पेपर मोठ्याने वाचून दाखवायची माझी सवय. युरेनियम समृद्ध करणं म्हणजे काय, हे मी लोकांना सुपाच्या पाखडण्यावरून समजावलं. जड आणि हलकं वेगळं करायचं, पुन्हा पुन्हा करायचं. थोडं पाखडलं तर वीज होते, फार पाखडलं तर बॉम्ब. तेव्हा किती यंत्रांनी पाखडायचं याची मर्यादा घालायची, यंत्रं मोजायची, बंद ठेवलेल्या यंत्रांना मोहोर लावायची, बाहेरचे तपासणीस येऊन मोहोर पाहणार. त्या बदल्यात इराणवरचे व्यापाराचे निर्बंध उठणार.

आमच्या पानठेल्यावर वकील न झालेले वकील बरेच. एकाने विचारलं, "गुरुजी, आपनबी तं बॉम फोडला होता. आपल्या घरी काहून नाई आले मोजायले?" मी सांगितलं की आपल्यावरही काही वर्षं निर्बंध होते, पण अण्वस्त्रं न पसरवण्याच्या त्या मोठ्या जागतिक करारावर आपण कधी सही केली नाही, इराणने केली होती. तो पान थुंकून म्हणाला, "म्हंजे जो सही करते त्याच्याच घरी झडती होते." सगळे हसले. मीही हसलो. ते वाक्य नंतर मला फार वर्षं छळणार होतं, पण त्या दिवशी मला त्यात विनोदच दिसला.

त्याच दुपारी मला ती कल्पना सुचली. सुचली म्हणजे अंगातच शिरली. वरचं गाव म्हणजे इराण. उन्हाळी धानाच्या बांध्या म्हणजे ती पाखडायची यंत्रं. पांदण आणि मिल म्हणजे आपण घातलेले निर्बंध. मी कागद घेतला आणि पेपरातल्या बातमीतले मुद्दे समोर ठेवून कलमं लिहायला बसलो. कागदावर माझा भारी विश्वास. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मला शाळेतून काही महिने भंडाऱ्याला कार्यालयाच्या कामाला लावलं होतं. कपाटं, टेबलं, फायली, सगळ्याची वाटणी होत होती. ज्याची कागदावर नोंद होती ती वस्तू मुकाट्याने जात होती आणि ज्याची नव्हती त्यावर चार-चार दिवस वाद. तेव्हापासून माझं पक्कं मत होतं की लिहिलेलं टिकतं.

माझ्या कागदाप्रमाणे वरच्या गावाने फक्त तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाला लागून असलेल्या, बांध्यांत उन्हाळी धान लावायचं, बाकीच्या जमिनीत लाखोळी किंवा हरभरा. तुडुम ठरलेल्या दिवशीच उघडायचं आणि एरवी मोहोरबंद ठेवायचं. दर सोमवारी आमच्या गावचा माणूस जाऊन बांध्या मोजेल आणि मोहोर पाहील. त्या बदल्यात आम्ही पांदणीतले चर बुजवू आणि मिल खुली करू. वरच्या गावाने यातलं काही मोडलं तर पांदण आणि मिल त्याच दिवशी पुन्हा बंद.

दिवाळीनंतर तलावाच्या पाळीवर दोन्ही गावांची बैठक झाली. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. वरचे लोकही त्या वळशाला कंटाळले होते. कलमं वाचून झाली. सही करायच्या आधी जावई उठला. मोडलेला पाय थोडा आखूड राहिला होता, त्यामुळे तो काठीला टेकून उभा होता. त्याच्या सगळ्या बांध्या टोकाच्या, म्हणजे करारात त्याच्या वाट्याला एका बांधीचंही उन्हाळी धान येत नव्हतं. सगळ्यात जास्त त्यालाच सोडायचं होतं.

तो म्हणाला, "गुरुजी, आमी मोडला तं पांदन बंद, मिल बंद. थे लिहलं तुमी. तुमी मोडला तं काय, थे कुठी हाय?"

मी कागद चाळल्यासारखं केलं. कागदात ते नव्हतं. मी ज्या बातमीवरून उतरवलं होतं, तिच्यात इराणने मोडलं तर काय याची लांबलचक व्यवस्था होती. समोरच्याने मोडलं तर काय, यावर मला एक ओळही दिसली नव्हती. मी म्हणालो, "आम्ही कशाला मोडू? आम्हाला तर पाणी पाहिजे." आणि पुढे म्हणालो, "मी आहे ना."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि सही केली. त्याने सही केली म्हणून मागच्या सगळ्यांनी केली.

मोहोरेचा प्रश्न आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याने सोडवला. पूर्वी खळ्यावर धानाची रास पडली की कुणी रात्रीतून पसाभरही उचलू नये म्हणून राशीला ओल्या मातीचे गोळे लावत आणि त्यावर लाकडी छापा मारत. एक मूठ धान काढलं तरी माती भेगाळायची आणि चोरी उघडी पडायची. तो छापा त्याच्या घरी माळ्यावर होता. सागाचा, मुठीएवढा, त्यात कोरलेलं 'श्री' झिजून अर्धं राहिलेलं. आम्ही तुडुमाच्या लोखंडी दांड्याला साखळी घातली, साखळीला कुलूप, त्याची किल्ली वरच्या गावाकडे, आणि कुलपावर माती, शेण, चुना कालवून थापलेला गोळा. त्यावर दोन्ही गावांसमोर मी छापा मारला. तिकडे परदेशी तपासणीस काय वापरत असतील ते असो, आमची मोहोर कमी नव्हती.

तपासणीस अर्थात मीच. दुसऱ्या कुणाला दर सोमवारी तेवढी पायपीट करायची हौस नव्हती. पण त्यावरून पानठेल्यावर कुजबुज सुरू झाली. गुरुजी बहिणीच्या हातचा वरण-भात जेवून येणार आणि लिहिणार की सगळं ठीक आहे. मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की करार आहे तोवर मी वरच्या गावात पाण्याचा घोटही घेणार नाही.

असल्या शपथा रागाच्या भरात घ्यायला सोप्या असतात. पहिल्या सोमवारी मी बांध्या मोजून, मोहोर पाहून बहिणीच्या दारावरून निघालो होतो. ती तांब्या घेऊन आली. मी अंगणातच उभा राहिलो आणि म्हणालो की मी आज कामावर आलो आहे. तिला आधी थट्टा वाटली. मग मी शपथेचं सांगितलं. तिने तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माय गेली, बाप गेला. आता भाऊबी पाहुना नाई राह्यला."

मी घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो. पण शपथ मोडली नाही. मोडली असती तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

त्यानंतरचे तीन उन्हाळे मी असा चालत राहिलो. सोमवारी पहाटे निघायचं, पिशवीत वही, छापा आणि पाण्याची बाटली. पाळीवरून तुडुमापर्यंत जायचं, गोळ्यावर बोट फिरवायचं, भेग नाही ना ते पाहायचं. मग बांधावरून हिरव्या बांध्या मोजायच्या. ठरल्यापेक्षा एकही जास्त कधी निघाली नाही. जावयाच्या बांध्यांत लाखोळीची निळी फुलं असायची. तो बांधावर दिसला तर हात वर करायचा. मी वहीत लिहायचो, 'अटी पाळल्या जात आहेत.' तिकडे परदेशी तपासणीसही दर काही महिन्यांनी असंच काहीसं लिहीत होते आणि ते पेपरात आलं की मला उगाचच आपल्या खात्यातल्या माणसाचं पत्र आल्यासारखं वाटायचं.

एकदा मात्र गोळा फुटलेला सापडला. मी पळतच तलावाची पातळी दाखवणाऱ्या दगडी खुणेवरचं पाणी पाहायला गेलो. पाणी होतं तिथेच होतं. परत येऊन नीट पाहिलं तर मातीला काळे केस चिकटलेले. कुण्या म्हशीने शिंग घासलं होतं. तरी आमच्या गावात आठ दिवस चर्चा चालली की म्हैस कुणाची, आणि ती नेमकी तिथेच का गेली. मी केस कागदात बांधून पुरावा म्हणून आणले होते. बायकोने ती पुडी चुलीत टाकली.

भाऊबिजेला मी बहिणीच्या घरी जाऊ शकत नव्हतो. गेलो तर ती ओवाळणार, तोंडात घास घालणार. मी तिलाच खाली बोलावलं. पहिल्या वर्षी ती आली, ओवाळून गेली, फार बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिने सांगून पाठवलं की रोग्याने वैद्याकडे जावं, बहिणीने भावाकडे जायची रीत नाही. मी दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो.

पण एक खरं. करार चालला. मे महिन्यातही तलावात पाणी राहायला लागलं. आमचे पऱ्हे वेळेवर उगवले. वरच्या गावाच्या ट्रॉल्या पांदणीने येऊ लागल्या, मिलचा पट्टा दिवसभर फिरू लागला. लोक इतके सरावले की पाणी करारामुळे आहे हेच विसरून गेले. तब्येत बरी झाली की पहिल्यांदा औषधालाच नावं ठेवतात.

मग आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. नवा सरपंच माझाच विद्यार्थी. हुशार, धडपड्या, गावासाठी खपणारा, पण दुसऱ्याने बांधलेली गाठ दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्याचं म्हणणं होतं की गुरुजींच्या करारात आपण कमी मागितलं. वरचे लोक तलावातली मासोळी एकटेच खातात, त्याचं काय? पाणी ओसरलेल्या तळात गाळपेरा एकटेच करतात, त्याचं काय? उन्हाळी धान पूर्णच बंद का नाही? मी सांगायचो की हे सगळं एका कागदात बसवायला गेलो असतो तर कागदच झाला नसता. आधी पाण्याचं भागलं, आता मासोळीचं वेगळं बोलू. तो मान डोलवायचा आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच बोलायचा.

मला तेव्हाच भीती वाटायला लागली होती, कारण तिकडे अमेरिकेतही हेच चाललं होतं. करार वाईट आहे, क्षेपणास्त्रांचं काय, बाकीच्या गोष्टींचं काय. तपासणीस सांगतात की इराण अटी पाळतो आहे, आणि तरी करार वाईट. मी पेपर घेऊन पानठेल्यावर जाणं बंद केलं. घरीच वाचायचो आणि घडी करून गादीखाली ठेवायचो. जणू मी लपवल्याने बातमी गावात पोहोचणार नव्हती. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती बातमी आली. अमेरिका करारातून बाहेर पडली. मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो आणि चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. कुठे जायचं ते कळत नव्हतं. बायकोने विचारलं की तिकडची अमेरिका बाहेर पडली तर तुम्ही चपला का घालता-काढता.

चारच दिवसांनी ग्रामसभा होती. मी तीन वर्षांच्या वह्या घेऊन गेलो. एकेक सोमवार वाचून दाखवायची माझी तयारी होती. मी सुरुवातही केली. मोजलेल्या बांध्या, मोहोर शाबूत, पाण्याची खूण. लोक चुळबुळत होते. सरपंचाने मला मध्ये तोडलं नाही, पूर्ण बोलू दिलं. मग तो उठला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "गुरुजी, आपला करार इरानवरून लिहला हे तुमीच सांगतलं ना? मंग ज्यायनं थो करार केला, थेच सोडून जाऊन राहिले. तं आपन काहून धरून बसाचं?"

सभेत कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवली. मी उभाच होतो. मला उत्तर येत होतं. मला म्हणायचं होतं की त्यांनी चूक केली म्हणून आपण करायची का? त्यांनी शब्द मोडला, तो आपण पाळू. पण तीन वर्षं मीच या लोकांना शिकवलं होतं की तिकडे जसं तसं इकडे. फळ्यावर मी जे लिहिलं होतं, तेच माझा विद्यार्थी मला वाचून दाखवत होता. मागून एकाने विचारलं की गुरुजी खरंच पाणी पीत नव्हते का वर, का नुसतं सांगत होते. मला संताप आला. मी वह्या उचलल्या आणि बाहेर पडलो.

ठराव झाला. वरच्या गावाने उन्हाळी धान पूर्ण बंद करावं, मासोळीत वाटा द्यावा, गाळपेरा सोडावा. तोवर पांदण बंद, मिल बंद.

दुसऱ्या दिवशी जावई ट्रॉली घेऊन आला. त्याला ठराव माहीत नव्हता. पावसाळ्यातलं राखून ठेवलेलं धान होतं, पोरीच्या लग्नासाठी त्याचे तांदूळ काढायचे होते. पांदणीच्या तोंडाशी जेसीबीने सकाळीच चर खणलेला. मी बातमी ऐकून धावत गेलो तेव्हा तो ट्रॅक्टर बंद करून चराच्या पलीकडे उभा होता, काठीवर भार टाकून. मी अलीकडे. चार हातांचं अंतर असेल. मी त्याला म्हणणार होतो की यात माझा हात नाही, मी विरोध केला. पण त्याने काही विचारलंच नाही. पाळीवर विचारलं होतं तेवढं त्याला पुरे होतं. त्याने फक्त म्हटलं, "जंगलाकडून तुमसरले जातो, गुरुजी." आणि ट्रॅक्टर वळवला. त्या वळशाच्या रस्त्याला त्याचा पाय कसा मोडला होता ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. त्याने हळू नेला, एवढंच मला दिसलं.

वरचे लोक लगेच उसळले नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. तिकडे इराणनेही लगेच काही केलं नाही, बाकीचे देश काही मार्ग काढतील म्हणून वाट पाहत राहिला. वरच्या गावानेही तो पावसाळा काढला, दिवाळी काढली. तीनदा निरोप पाठवले की आम्ही करार पाळतो आहोत, तुम्हीही पाळा. आमच्याकडून उत्तर गेलं नाही. मी दर सोमवारी जातच राहिलो. मला कुणी पाठवत नव्हतं, माझी वही कुणी मागत नव्हतं. लोक हसायचे. मी मोहोरेवर बोट फिरवायचो आणि लिहायचो, 'अटी पाळल्या जात आहेत.'

संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी मी पाळीवर चढलो आणि लांबूनच नहरेचा आवाज ऐकला. तुडुम उघडं होतं. कुलूप काढून साखळी नीट गुंडाळून ठेवलेली. मातीचा गोळा त्यांनी फोडला नव्हता. छाप असलेली अख्खी खपली अलगद सोडवून बाजूच्या दगडावर ठेवली होती, कुणाची वस्तू परत करावी तशी. त्यावरचं अर्धं 'श्री' स्पष्ट दिसत होतं. मी ती उचलली आणि पिशवीत ठेवली. वही काढली. अटी कुणी मोडल्या, हे लिहायला माझ्या वहीत जागा नव्हती. तसा रकानाच मी आखला नव्हता.

मी नहरेच्या काठाने चालत खाली उतरलो. टोकाच्या बांध्यांत पाणी पोहोचलं होतं. लाखोळी मोडून चिखल केला होता आणि तिथे रोवणी चालू होती. बायकांच्या ओळीत माझी बहीण होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने मला पाहिलं. थोडा वेळ ती रोपं लावतच राहिली. मग बांधावर आली, नहरेत हात धुतले, झाडाखालच्या कॅनमधून स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आता तं तू तपासायले नाई आला ना, दादा," ती म्हणाली. "मंग घे."

मी घेतलं. तीन वर्षांनी तिच्या हातचं पाणी पीत होतो. मी तिला सांगायला गेलो की शपथ घेतली नसती तर लोकांनी माझ्या अहवालावर विश्वास ठेवला नसता, म्हणून मी.

तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. रागावून नाही, साधंच विचारलं, "तवा पानी पेला असता तं काय झालं असतं? तसंबी कोनी आयकलं तुवं?"

तिने रिकामा पेला माझ्या हातातून घेतला, पुन्हा भरला आणि मला दिला. मग पदराने कपाळ पुसून ती बांधीत उतरली, कारण रोवणी अर्धी राहिली होती आणि पाणी आलेलं होतं.